पूर्वेकडचा तबेला

बारशाला आईनं जायचं नाही, ही रीत ज्यानं काढली तो कुणाचा तरी थोरला दीर असणार, अशी त्या दिवशी जूडिथची खात्री पटली.

बाळंतिणीनं महिनाभर खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही, पडदे सारायचे नाहीत, किल्लीच्या भोकातसुद्धा चिंधी कोंबून ठेवायची. आजचा दहावा दिवस. त्यामुळे बाळ चर्चला गेलं ते थोरल्या जाऊबाईंच्या, अर्सुलाच्या हातांवर. आणि पाद्र्यानं नाव विचारल्यावर ते उच्चारण्याचा मान धर्मपिता म्हणून हम्फ्रीचा. नाव ठरलेलं होतं. ॲग्नेस. जूडिथच्या गेलेल्या आईचं. तीनदा ठरलं होतं आणि तिन्ही वेळा हम्फ्रीनं मान डोलावली होती. बाळ परत आलं ते हेन्रिएटा होऊन.

"पाद्र्यानं विचारलं," हम्फ्री दाराबाहेरून सांगत होता, "आणि माझ्या तोंडून आपोआप राणीसाहेबांचंच नाव गेलं. राजनिष्ठा अंगात मुरलेली असली की असं होतं."

"राणीसाहेबांना कळवलंत का, भाऊजी?" जूडिथनं आतून विचारलं. "आनंद होईल त्यांना."

बाहेर टोबायसला हसू आलं आणि ते त्यानं खोकल्यात बुडवलं. टोबायस जूडिथचा नवरा, हम्फ्रीचा धाकटा भाऊ. माणूस मनाचा चांगला. त्याला मतंही होती, पण थोरल्याच्या चेहऱ्याकडे बघून घेतल्याशिवाय ती बाहेर यायची नाहीत. एरवी गावच्या दारूच्या गुत्त्यात तो राजाविरुद्ध घसा कोरडा करायचा: राजा पार्लमेंट बोलावत नाही, राजा कुणाला विचारत नाही. घरी आला की चिखलाचे बूट बाहेर काढून ठेवायचा आणि त्याच्याबरोबर आवाजही.

बाळ कुशीत घेऊन जूडिथनं त्याच्या कानात हळूच खरं नाव सांगितलं. बाळानं जांभई दिली. दोन्ही नावांबद्दल त्याचं मत एकच होतं.

खोलीत आणखी एक माणूस होता, जर्वसकाका. सासऱ्यांचा धाकटा भाऊ. वयानं आणि संधिवातानं त्यांना पुरुषांच्या यादीतून केव्हाच वगळलं होतं, म्हणून बाळंतिणीच्या शेकोटीशी बसायची त्यांना मुभा होती. काका लंडनला बारा वर्षं कायदा शिकले. वकील काही झाले नाहीत. परत आले ते कागदांची एक ट्रंक आणि पायाचा दुखरा अंगठा घेऊन, आणि तेव्हापासून घरात कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. गेल्या वर्षी मृत्युपत्राचा वाद झाला तेव्हाही कुणी विचारलं नाही.

वाद साधा होता. जूडिथचे सासरे, थोरले थॉर्लबी, मरताना लिहून गेले की घर आणि जमीन हम्फ्रीला. पूर्वेकडच्या इमारतीत मात्र जेवढं राहतं घर असेल तेवढं टोबायसचं. ही इमारत आजोबांच्या काळी घोड्यांची होती. पुढे एकेक खोली लिंपून माणसं राहायला लागली. हम्फ्रीनं चर्चच्या न्यायालयात बायबलवर हात ठेवून सांगितलं की तिथं राहतं घर मुळी नाहीच, सगळा तबेला आहे. टोबायसनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प बसला. निकाल लागल्यावर हम्फ्रीनं मोठ्या मनानं धाकट्याला टोकाची ही एक खोली राहायला दिली, कृपा म्हणून. दुसऱ्या टोकाची खोली भटारखान्याच्या भिंतीला लागून, थंडीतही उबदार. ती त्यानं स्वतःला घेतली. अर्सुलाच्या माहेरचा कोरीव खांबांचा पलंग तिथं आणून ठेवला. पलंग इतका मोठा की दार काढून आत न्यावा लागला, आणि दार पुन्हा बसवल्यापासून ती खोली अर्सुलाला चर्चपेक्षा पवित्र वाटत होती.

बारशाचं जेवण चालू होतं. कबुतरांची पाई कापली गेली होती, एवढ्यात अंगणात गाड्यांचा खडखडाट झाला. जूडिथनं पडद्याची कड एक बोट उचलली. चार गाड्या, सहा फावडी, आणि पुढे एक लुकडा माणूस. तो वाकला, तबेल्याच्या कोपऱ्यातली चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटून, जाणकारानं जुनी वाइन चाखावी तशी. मग थुंकला आणि मान हलवली.

"सोरावाला," काका म्हणाले. "राजाचा."

राजाला बंदुकीची दारू हवी, दारूला सोरा हवा, सोऱ्याला मुरलेली माती हवी, आणि माती मुरते ती घोड्यांच्या आणि कबुतरांच्या कृपेनं. म्हणून राजाची मोहोर खिशात घेऊन हा क्रेक नावाचा माणूस परगणाभर लोकांच्या जमिनी खणत हिंडत होता. गाड्याही लोकांच्याच ओढून न्यायचा. शेजारच्या गावात तर त्यानं चर्चमधली बाकं उचलून खालची माती नेली. म्हणे प्रवचनं लांबतात आणि बायकांना मधेच उठता येत नाही. तिथल्यासारखा सोरा परगण्यात नाही. पाद्र्यानं तक्रार केली, पण नक्की काय झालं हे बिशपला कोणत्या शब्दांत लिहायचं ते त्याला सुचेना.

हम्फ्रीनं क्रेकचं स्वागत असं केलं, जणू राजाच जेवायला आलाय. पाईचा मोठा तुकडा वाढला. राजाला जे हवं ते प्रजेनं हसत द्यावं, यावर छोटंसं भाषण झालं. ते संपेपर्यंत क्रेक कबुतरखान्याकडे बघत होता, आणि हम्फ्रीच्या घशात पाई अडकली.

कबुतरखाना म्हणजे थॉर्लबींची इज्जत. पाचशे खणांचा, दगडी, गोल. आसपासच्या तीन गावांत दुसरा नव्हता. फावडी आत गेली की कबुतरं उडणार, आणि एकदा उडालेली कबुतरं परत येतील ती शेजाऱ्याच्या छपरावर.

पुढचं बोलणं जूडिथला पडद्याआडून ऐकू आलं नाही, पण दिसलं. हम्फ्रीनं क्रेकला खांद्याला धरून बाजूला नेलं. हाताची लांब रेघ ओढून पूर्वेकडची इमारत दाखवली, तिचं हे टोक दाखवलं. क्रेक आला, तिच्या खिडकीखाली वाकला, पायरीखालची माती चाखली आणि त्याचा चेहरा उजळला. दोघांनी हात मिळवले.

निरोप घेऊन आली अर्सुला. एका हातात जूडिथसाठी अंडं-मसाला घातलेली गरम वाइन, दुसऱ्या हातात रिकामी टोपली.

"हे पिऊन घे," ती म्हणाली, "आणि बाळाचं सामान यात भर. संध्याकाळपर्यंत दारूभट्टीच्या माळ्यावर हलायचं आहे. इथली जमीन राजाला हवीय."

जूडिथनं विचारलं की दहा दिवसांच्या बाळंतिणीनं फेब्रुवारीत, विनाशेकोटीच्या माळ्यावर, शिडीनं चढायचं का. अर्सुला म्हणाली की शिडी चांगली मजबूत आहे. तिनं वाईट मनानं म्हटलं नाही. ज्यांची मुलं जगली नाहीत त्यांना दुसऱ्याचं बाळंतपण जरा जास्तच चोचल्यांचं वाटतं, आणि अर्सुलानं दोन पुरली होती. जूडिथला ते माहीत होतं, म्हणून तिनं उत्तर गिळलं. पण पाळण्याखालची जमीन तिला डोळ्यांसमोर खणलेली दिसायला लागली, कमरेएवढा खड्डा, आणि छातीत दूध दाटून आलं.

टोबायस दाराशी येऊन उभा होता. त्यानं चुळबुळ करत सांगितलं की हे चुकीचं आहे, जुलूम आहे, आणि असं राज्य फार दिवस टिकत नाही. मग म्हणाला, दादाशी बोलून बघितलं, पण दादाचा नाइलाज आहे. फक्त तीन आठवड्यांचा प्रश्न. गाद्या तो स्वतः वर नेईल.

"काका," जूडिथ शेकोटीकडे वळली, "राजाच्या माणसाला कुठंही खणता येतं?"

घरात गेल्या सहा वर्षांत काकांना विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. ते इतके गडबडले की अंगठा शेकोटीच्या दगडावर आपटला.

"कुठंही नाही," ते कळ सोसत म्हणाले. "आमच्या तरुणपणी न्यायाधीशांनी बसून ठरवून दिलंय. तबेला खणा, कबुतरखाना खणा, तळघर खणा. उजेड असेतोवर खणा आणि होतं तसं बुजवून द्या. पण माणसं राहतात त्या घराच्या जमिनीला राजाचं फावडं लागायचं नाही."

"मग इथं आम्ही राहतोच की," टोबायस म्हणाला.

"तू राहतोस. पण कायद्यानं तू तबेल्यात राहतोस. तुझ्या भावानं बायबलवर हात ठेवून सांगितलंय."

जूडिथनं चोखत असलेल्या बाळावरचं दुपटं नीट केलं.

"त्या जबानीची नक्कल आहे तुमच्याकडे?" जूडिथनं विचारलं.

नक्कल होती. काकांकडे सगळ्याच्या नकला होत्या. नव्हता तो फक्त विचारणारा माणूस. ट्रंक तिथंच, त्यांच्या पायाखाली. त्यांनी कागद काढला आणि तिनं सांगितल्यावर मोठ्यानं वाचला. पूर्वेकडची संपूर्ण इमारत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पूर्वीपासून आजतागायत तबेला असून तिचा कोणताही भाग मनुष्यवस्तीचा नाही. टोबायसला एक इंचही मिळू नये म्हणून हम्फ्रीनं एक इंचही सोडला नव्हता.

अर्सुला टोपलीत बाळाच्या झबल्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"दुसऱ्या टोकापर्यंत म्हणजे?" ती म्हणाली.

"जाऊबाई, तुम्हीच मोजा," जूडिथ म्हणाली. "ही आमची खोली. मधली खोगीर-लगाम ठेवायची. मग तुमची."

अर्सुलानं मोजलं. मोजायला वेळ लागू नये इतक्याच खोल्या होत्या, पण तिनं दोनदा मोजल्या. मग ती म्हणाली की यांनी त्या क्रेकशी हात मिळवलाय, तो कशाला पलीकडे जाईल.

"हात मिळवलाय, लिहून दिलेलं नाही," काका म्हणाले. "आणि माती पलीकडची जास्त मुरलेली. भटारखान्याची ऊब लागते ना."

जूडिथनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. पुढचं वाक्य बोलताना तिचा आवाज अगदी गोड होता, आणि नंतर तिला त्याची थोडी लाजही वाटली. ती म्हणाली, "काका, एवढा कागद क्रेकसाहेबांना नेऊन दाखवता? राजाच्या कामात आपल्याकडून काही लपवालपवी नको. भाऊजींना आवडायचं नाही."

काका लंगडत गेले. लंगडत का होईना, पण चालण्यात असा काही डौल होता की टोबायस बघतच राहिला.

त्यानंतरचं सगळं जूडिथनं भिंतीतून ऐकलं. आधी फावड्यांची हालचाल, मग पलीकडच्या दाराशी गलका. मग हम्फ्रीचा आवाज. ज्या माणसानं तासाभरापूर्वी प्रजेनं हसत द्यावं म्हणून सांगितलं होतं, तोच आता इंग्रज माणसाच्या हक्कांवर बोलत होता. घर ते घर. राजा असेल राजवाड्यात. बापजाद्यांनी काय यासाठी रक्त सांडलं? (थॉर्लबींच्या बापजाद्यांनी मेंढरांखेरीज कुणाचं रक्त सांडल्याची नोंद नाही.) जुने कायदे, राजांकडून लिहून घेतलेल्या जुन्या सनदा, त्यानं एकही सोडली नाही. गुत्त्यात टोबायस बोलायचा तेच शब्द, फक्त आवाज जास्त दमदार. नवऱ्याची भाषणं थोरल्याच्या तोंडून ऐकताना जूडिथला ती पहिल्यांदा पटली.

"मी इथं राहतो!" हम्फ्री शेवटी ओरडला.

"आपण शपथेवर सांगितलंय की इथं घोडे राहतात," क्रेक नम्रपणे म्हणाला. "चर्चच्या न्यायालयापुढे मी गरीब माणूस आपल्याला खोटं कसं म्हणू?"

आणि त्यानं पलंगाखालून चिमूटभर माती उचलून चाखली. अर्सुलानं फोडलेला हंबरडा स्वयंपाकघरापर्यंत गेला.

मंडळी जूडिथच्या दाराशी जमली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार अर्धं उघडं. आत बायका आणि काका, बाहेर हम्फ्री, टोबायस, क्रेक, आणि जेवून सुस्तावलेला पाद्री, साक्षीदार म्हणून ओढून आणलेला. अर्सुला येऊन जूडिथच्या पलंगावर, पायथ्याशी बसली होती. झबली टोपलीतून काढून पुन्हा कोनाड्यात रचून झाली होती. तिचं सैन्य आता या बाजूला होतं, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

हम्फ्रीनं सुचवलं की त्याच्या टोकाची खोली घर आणि ही तेवढी तबेला, असं जबानीत सुधारून लिहू. काकांनी मान हलवली. सगळीच जबानी चुकली असेल तर ती चूक. माणसाकडून चूक होते. पण नेमकी स्वतःच्या पलंगाखालची तेवढी चुकली असेल तर ती खोटी शपथ. चूक न्यायालय पोटात घालतं, खोटी शपथ घालत नाही. पाद्र्यानं डोळे उघडून दुजोरा दिला.

मग हम्फ्रीनं कागद ओढला आणि उभ्या उभ्या स्वतःच्या हातानं लिहिलं. वाचूनही दाखवलं, जरा गहिवरून: ही इमारत राहतं घर असून, माझ्या कृपेनं माझा बंधू टोबायस सहकुटुंब तिथं राहत आहे.

टोबायस "छान आहे" म्हणायच्या बेतात होता.

"कृपेनं तर घोडाही राहतो, भाऊजी," जूडिथ आतून म्हणाली.

क्रेकनं लगेच मान डोलावली. त्याला राजकारणात रस नव्हता, पण मुद्दा मातीचा होता. कृपेनं कुणाला कुठंही बसवता येतं, असं तो म्हणाला. उद्या आपण मला कृपेनं कबुतरखान्यात झोपवाल आणि त्याला घर म्हणाल. राहणाऱ्याचा हक्क असेल तर ते घर, नाहीतर आम्ही खणतो. उजेड जायच्या आत.

"ती शब्दाचा कीस काढतेय," हम्फ्री म्हणाला. "मी काय उद्या तुम्हाला हाकलणार आहे?"

"आज सकाळपर्यंत मलाही तसं वाटलं नव्हतं."

हम्फ्रीनं भावाकडे बघितलं. नेहमी यावर टोबायसचे डोळे जमिनीकडे जायचे. आज त्या जमिनीवर क्रेकची नजर खिळलेली होती. त्याला बघायला काही सापडेना, म्हणून असेल, पण त्यानं सरळ थोरल्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, हक्कानं असं लिही. बाबांच्या मृत्युपत्राप्रमाणे."

"लिहा," अर्सुला म्हणाली. "माझ्या पलंगाखाली तो हात घालतोय."

हम्फ्रीनं लिहिलं. पाद्र्यानं साक्ष घातली. शाई वाळेपर्यंत काका थांबले, आणि मग, ज्या आवाजाला इतकी वर्षं कुणी हवामानदेखील विचारलं नव्हतं त्या आवाजात, त्यांनी खुलासा केला. पूर्वेकडची सगळी इमारत राहतं घर. आणि पूर्वेकडचं राहतं घर, मृत्युपत्राप्रमाणे, टोबायसचं. सगळं. उबदार टोकासकट.

हम्फ्रीनं टोपी काढली. मग तो कबुतरखान्याकडे गेला, कारण क्रेकची फावडी तिकडे वळली होती आणि तिथं मात्र कायदा पूर्णपणे राजाच्या बाजूनं होता. थोड्या वेळानं पाचशे खणांतली कबुतरं एकदम उठली, दोन फेऱ्या मारल्या, आणि शेजाऱ्याच्या छपराकडे निघून गेली. हम्फ्री टोपी हातात धरून उभा होता. जूडिथनं पडदा सोडला. तिला वाटलं होतं की मजा येईल, पण त्याची मान मागून सासऱ्यांसारखी दिसत होती.

अर्सुलानं त्या संध्याकाळी दोनदा येऊन शेकोटीत लाकडं घातली. दुसऱ्यांदा आली तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि जमिनीकडे बघत विचारलं की पलंग आहे तिथंच राहिला तर चालेल ना. जूडिथ म्हणाली, चालेल. अर्सुला बाळाला "ॲग्नेस" म्हणून हाक मारत होती, आणि ते दोघींपैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

मग टोबायस आला. बूट घालूनच. पलंगाच्या पायथ्याशी पाय फाकून उभा राहिला. इतकं सरळ उभं राहिलेलं जूडिथनं त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं.

"मी ठरवलंय," तो म्हणाला. "उद्या आपण त्या टोकाला जायचं. दादा-वहिनी मधल्या खोलीत. आणि ही खोली मी माझ्या घोडीला देतो. जागा मुळात तबेल्याचीच."

ती खोली उबदार होती. बाळाला बरी होती. त्यानं विचारलं असतं तर जूडिथ हो म्हणाली असती.

"काका," ती म्हणाली, "बायकोला न विचारता नवऱ्याला तिची खोली बदलता येते?"

काकांनी या प्रश्नाला दिवसातला सगळ्यात जास्त वेळ घेतला. "येते," ते म्हणाले. "खोली बदलता येते, विकता येते. बायकोचं जे काही, ते कायद्यानं नवऱ्याचं. राजाला आवर घालत निघालेला कायदा आज कसाबसा थोरल्या दिरापर्यंत पोचलाय, पोरी. नवऱ्याच्या दारात यायला त्याला अजून बराच वेळ आहे."

"मग त्या कागदाखाली एक ओळ लिहा. या घरात जे राहतात त्यांना विचारल्याशिवाय कुणाला हलवायचं नाही. त्यात बाळ धरा, जाऊबाई धरा, मला धरा."

"लिहीन. पण त्याला कुठलंही न्यायालय विचारणार नाही."

"लिहा तरी."

काकांनी लिहिलं. टोबायसला गंमत वाटली. दिवस त्याचा होता, मन मोठं झालं होतं. ज्या कागदाला किंमतच नाही त्यावर सही करायला काय जातं, असं म्हणून त्यानं हसत हसत, भल्यामोठ्या अक्षरांत सही ठोकली.

जूडिथनं कागद घेतला, शाईवर हळूच फुंकर घातली, आणि बाळाच्या अंगाखालच्या दुपट्याच्या घडीत ठेवला.

"हसा," ती म्हणाली. "असल्याच कागदावर, भाऊजींच्या त्या जुन्या सनदेवर, ज्या राजानं पहिल्यांदा मोहोर उठवली ना, त्यालाही वाटलं होतं, याला काय किंमत आहे."

टोबायस अजून हसत होता, पण जरा जपून.